विश्लेषण : वर्षाला पंधरा सूट शिवणारा, महायुद्धात लढलेला 'डँडी' बनी रॉजर कोण होता?

मे २०२५ मध्ये शाहरुख खान पहिल्यांदाच न्यूयॉर्कच्या मेट गालामध्ये दिसला. सब्यसाची मुखर्जीनं डिझाइन केलेला लांब काळा कोट, गळ्यात माळांचे थर, त्यात 'के' अक्षराचं पेंडंट आणि हातात वाघाच्या मुठीची काठी. आपल्याकडे पुढचे दोन दिवस मीम्सचा पाऊस पडला. या गडबडीत एक शब्द मात्र बातम्यांमध्ये सतत येत होता, 'डँडी'. मेट म्युझियमचं त्या वर्षीचं प्रदर्शन कृष्णवर्णीयांच्या डँडी परंपरेवर होतं. ज्यांना समाजानं माणूस म्हणून मोजलं नाही, त्यांनी उत्तम शिवलेल्या कपड्यांमधून त्याला कसं उत्तर दिलं, हा त्याचा विषय होता.

पण डँडी म्हणजे नेमकं कोण? आपल्याकडे 'नटवा', 'छानछोकी करणारा' किंवा 'रंगेल' असे शब्द आहेत. त्यातला एकही बरोबर बसत नाही, कारण या तिन्ही शब्दांत थोडी टिंगल आहे. डँडीला मात्र टिंगल चालत नाही. तो कपड्यांच्या बाबतीत अत्यंत गंभीर असतो. हे समजून घ्यायचं असेल तर ज्याच्याइतका बिनधास्त डँडी विसाव्या शतकातल्या लंडननं क्वचितच पाहिला, अशा एका माणसाची गोष्ट पाहावी लागेल. नाव नील मन्रो रॉजर. सगळे त्याला 'बनी' म्हणायचे. तो फॅशन डिझायनर होता, तो महायुद्धात लढला होता आणि स्वतःच्या समलैंगिकतेसाठी तुरुंगात जावं लागेल अशा काळात तो ती लपवत नव्हता.

आधी डँडीबद्दल थोडंसं

या शब्दाचा मूळ पुरुष मानला जातो ब्यू ब्रमेल (१७७८-१८४०). गंमत म्हणजे हा माणूस भडक कपडे घालतच नसे. त्याच्या आधीचे श्रीमंत पुरुष रेशीम, भरतकाम आणि पावडर लावलेले केसांचे टोप घालून फिरायचे. ब्रमेलनं ते सगळं बाजूला सारलं. गडद रंगाचा, अंगावर नेमका बसणारा कोट, पांढराशुभ्र गळपट्टा आणि रोजची आंघोळ, एवढ्यावर त्यानं लंडनच्या उच्चभ्रूंना आपल्या मागे यायला लावलं. तो काही सरदार घराण्यातला नव्हता, तरी भावी राजा चौथा जॉर्ज त्याचा मित्र होता. पुढे दोघांचं बिनसलं, ब्रमेल कर्जात बुडाला, १८१६ मध्ये फ्रान्सला पळाला आणि तिथेच हलाखीत मेला. आज लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर त्याचा पुतळा आहे.

आज आपण लग्नात किंवा इंटरव्ह्यूला जो सूट घालतो, त्याची वंशावळ शोधत गेलो तर वाट ब्रमेलपाशीच जाते. डँडी म्हणजे दागिने लादलेला माणूस नव्हे. कपड्याचा कट, त्याची शिलाई आणि तो अंगावर घेऊन चालण्याची ऐट यातून जो स्वतःला घडवतो, तो डँडी. रंग कमी की जास्त, हा पुढचा प्रश्न. बनी रॉजरनं रंग भरपूर वापरले. पण कटच्या बाबतीत तो ब्रमेलइतकाच काटेकोर होता.

केबल कंपनीच्या मालकाचा मुलगा

बनीचा जन्म ९ जून १९११ चा, लंडनमधला. आई-वडील स्कॉटलंडचे. वडील सर अलेक्झांडर रॉजर हे स्वतःच्या हिमतीवर मोठे झालेले उद्योगपती. टेलिफोन आणि केबल हा त्यांचा धंदा. भारताशीही त्यांचा संबंध आला होता. १९४० मध्ये भारतातलं युद्धसामग्रीचं उत्पादन कसं वाढवता येईल हे पाहण्यासाठी ब्रिटनच्या पुरवठा मंत्रालयानं एक मंडळ इकडे पाठवलं, त्याचे प्रमुख तेच होते.

अशा घरातला हा मुलगा. 'बनी' हे नाव त्याला लहानपणी त्याच्या दाईनं दिलं आणि ते आयुष्यभर चिकटलं. तो सहा वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला परीचा पोशाख आणून दिला होता, पंख आणि छडीसकट, असं सांगितलं जातं. पुढे ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात इतिहास, मग तिथल्याच रस्किन स्कूलमध्ये चित्रकला. आणि मग ऑक्सफर्डमधून हकालपट्टी. कारण, समलैंगिक संबंधांचा आरोप.

त्या वयात, त्या काळात अशी हकालपट्टी म्हणजे आयुष्य उद्ध्वस्त होण्यासारखंच होतं. बनीनं १९३७ मध्ये लंडनच्या ग्रेट न्यूपोर्ट स्ट्रीटवर 'नील रॉजर' नावानं बायकांचे कपडे शिवण्याचं दुकान टाकलं. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत एक होती व्हिव्हियन ली. दोनच वर्षांनी 'गॉन विथ द विंड'मुळे ती जगभर पोहोचली.

गळ्यात शिफॉन, हातात रायफल

मग दुसरं महायुद्ध आलं. बनी रायफल ब्रिगेडमध्ये अधिकारी होता आणि उत्तर आफ्रिका व इटलीच्या आघाडीवर लढला. त्याच्याबद्दलच्या लिखाणात इथले किस्से हमखास येतात. गळ्यात शिफॉनचा स्कार्फ बांधून आणि हातात 'व्होग'चा अंक घेऊन तो शत्रूवर चालून गेला म्हणे. दुसरा किस्सा मॉन्टे कॅसिनोचा. बॉम्बनं उद्ध्वस्त झालेल्या त्या मठात एक जुना मित्र अचानक भेटला, त्यानं चकित होऊन विचारलं की तू इथे काय करतोयस? तर बनीचं एका शब्दात उत्तर, शॉपिंग.

मॉन्टे कॅसिनोची लढाई १९४४ मध्ये चार महिने चालली आणि ती त्या आघाडीवरच्या सर्वांत भीषण लढायांपैकी होती. भारतीय फौजांनीही तिथे मोठी किंमत मोजली. हे लक्षात घेतलं की तो विनोद वेगळा वाटू लागतो. आजूबाजूला माणसं मरत असताना आपली ऐट न सोडणं, हा बनीचा घाबरण्यावरचा उपाय असावा. हे अर्थात माझं मत. त्याच्या सहकाऱ्यांना त्याच्या धैर्याबद्दल शंका नव्हती, एवढं मात्र त्याच्याविषयी लिहिणारे सगळेच सांगतात. ब्रिटिश सैन्यात समलैंगिकांवर असलेली बंदी उठायला २००० साल उजाडलं, हेही इथेच नोंदवून ठेवू.

कापडाचं रेशनिंग आणि एडवर्डच्या जमान्याकडे उडी

युद्ध संपलं, पण कापड स्वस्त झालं नाही. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू होतं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं मिळाली आणि पुरुषाच्या एका पूर्ण सूटलाच २६ कूपनं जायची. कापड वाचावं म्हणून पँटच्या पायाशी दुमड घालायला आणि दुहेरी बटणांच्या कोटाला काही काळ बंदी होती, खिशांच्या संख्येवरही मर्यादा होती. रेशनिंग उठलं मार्च १९४९ मध्ये. सैन्यातून सुटलेल्या प्रत्येकाला सरकारकडून एक सूट मिळायचा. गरज भागायची, पण सगळे एकसारखे दिसायचे.

या उदास वातावरणात लंडनच्या सॅव्हिल रो या टेलर मंडळींच्या गल्लीत एक नवी शैली आली. नवी म्हणजे खरं तर जुनी. राजा सातवा एडवर्ड (१९०१-१९१०) याच्या काळातले कपडे नव्यानं शिवायला सुरुवात झाली. लांब कोट, कंबरेला घट्ट आणि खाली घेरदार, कॉलरला मखमल, पँट पायाला चिकटलेली अरुंद, भरजरी वेस्टकोट आणि डोक्यावर उंच बोलर हॅट. सैन्यातून परतलेले श्रीमंत तरुण अधिकारी ही शैली मिरवू लागले. त्यांच्यात सर्वांत टेचात फिरणारा होता बनी.

त्याचे टेलर होते वॉटसन, फॅगरस्ट्रॉम अँड ह्यूज. वर्षाला तो पंधरापर्यंत सूट शिवून घ्यायचा आणि प्रत्येक सूटसोबत मापाचे चार-चार जोड बूट. जांभळ्या आणि फिकट लव्हेंडर छटा त्याच्या विशेष आवडीच्या.

सपाट कापडाची गोल कंबर कशी होते?

इथे जरा थांबायला हवं, कारण हा कट दिसतो तितका सोपा नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला 'डेव्हलपमेंट ऑफ सर्फेसेस' शिकलेल्यांना हे लगेच कळेल. सपाट पत्र्यापासून नळकांडं किंवा शंकू करता येतो, पण गोलाकार वळण असलेला पृष्ठभाग करता येत नाही. पत्रा कुठेतरी कापावा, ताणावा किंवा दाबावा लागतो. कापडाचंही तसंच. माणसाची छाती, कंबर आणि पाठीचा बाक हे सगळे दोन दिशांनी वळलेले पृष्ठभाग आहेत.

ब्लाउज शिवणाऱ्या टेलरकडे यावर उत्तर आहे, टक्स. कंबरेचं जास्तीचं कापड चिमटीत धरून शिवायचं. कोटातही टक्स असतात, शिवाय बगलेखाली एक वेगळा तुकडा जोडलेला असतो. पण लोकरीच्या कापडाची एक खासियत आहे. वाफेच्या इस्त्रीखाली ते थोडं आकसतं आणि ओढलं तर ताणलंही जातं. चांगला कारागीर इस्त्रीनंच कापडाला आकार देतो. कोटाच्या आत घोड्याच्या केसांचं कडक कॅनव्हास असतं, ते गोंदानं न चिकटवता हातानं शेकडो बारीक टाके घालून बसवलं जातं. त्यामुळे कोटाची पुढची बाजू वळते, पण चुरगळत नाही. कच्ची शिलाई, ट्रायल, उसवणं, पुन्हा कापणं, असं निदान दोन-तीनदा होतं. सॅव्हिल रोवरच्या मापाच्या सूटला पन्नास तास किंवा त्याहून जास्त हातकाम लागतं.

कंबर जितकी बारीक आणि खालचा घेर जितका मोठा, तितकी चुकीला जागा कमी. बनीच्या कोटात ही जागा जवळपास नव्हतीच. त्यामुळे त्याला स्वतःचा बांधा आयुष्यभर तसाच सडपातळ ठेवावा लागला.

तोच कोट, दुसरा माणूस

यानंतर जे झालं ते मला या गोष्टीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सॅव्हिल रोची ही शैली काही वर्षांतच दक्षिण आणि पूर्व लंडनच्या कामगार वस्त्यांत पोहोचली. गोदीत, कारखान्यात काम करणाऱ्या पोरांच्या हातात युद्धानंतर पहिल्यांदाच थोडे पैसे खेळू लागले होते. त्यांनी गल्लीतल्या टेलरकडून हप्त्यावर तसेच लांब कोट शिवून घेतले. मखमली कॉलर ठेवली, पँट आणखी अरुंद केली, त्याला बुटाच्या नाडीसारखा बारीक टाय आणि जाड रबरी तळव्याचे बूट जोडले. केसांना तेल लावून पुढे कोंबडा काढला. सप्टेंबर १९५३ मध्ये 'डेली एक्स्प्रेस'नं 'एडवर्ड'चं 'टेडी' केलं आणि 'टेडी बॉइज' हे नाव पडलं.

त्याच उन्हाळ्यात लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाचा खून झाला होता. आरोपींच्या कपड्यांची चर्चा गुन्ह्याइतकीच झाली. मग मखमली कॉलर म्हणजे गुंड, असं समीकरणच झालं. डान्स हॉल आणि थिएटरच्या दारावर या कपड्यातल्या मुलांना अडवलं जाऊ लागलं. १९५६ मध्ये 'रॉक अराउंड द क्लॉक' चित्रपटाच्या वेळी थिएटरमध्ये दंगे झाले तेव्हा तर वर्तमानपत्रांना निमित्तच मिळालं.

कोट तोच, कटही तोच. बनीच्या अंगावर असला की तो 'विक्षिप्त पण मजेशीर' आणि गोदी कामगाराच्या मुलाच्या अंगावर असला की समाजाला धोका. अनेक श्रीमंतांनी तर हे कपडे आता आपल्याला घालता येणार नाहीत म्हणून कपाटात टाकून दिले. बनीनं नाही टाकले. तो पुढची चाळीस वर्षं तसाच वावरला. आपल्याकडेही हे नवीन नाही. बॉलीवूडच्या हीरोनं केस रंगवले तर ती स्टाइल असते आणि नाक्यावरच्या पोरानं रंगवले तर त्याला 'छपरी' म्हणून रील बनतं.

टेडी बॉइजची गोष्ट इथे संपत नाही. लिव्हरपूलमध्ये शाळकरी जॉन लेननचा अवतार याच मुलांसारखा असायचा. १९७१ मध्ये व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लॅरेन यांनी लंडनच्या किंग्ज रोडवर जे दुकान काढलं, त्यात सुरुवातीला टेडी बॉइजचेच कपडे होते. पुढे याच दुकानातून पंक फॅशन जगभर गेली.

उन्हाळ्यातली थ्री-फोर्थ

बनीची कंबर सोडून आता त्याच्या पँटकडे. पुण्या-मुंबईत थ्री-फोर्थ म्हणून जी विकली जाते, तिची मोठी बहीण म्हणजे काप्री पँट. पायाला घट्ट, घोट्याच्या वर संपणारी. १९४९ मध्ये इटलीच्या काप्री बेटावर सुट्टीला गेला असताना बनीनं ती पहिल्यांदा तयार केली, असं श्रेय त्याला दिलं जातं. पण तेच श्रेय जर्मन डिझायनर सोन्या दे लेनार्टलाही मिळतं आणि तिची तारीख एक वर्ष आधीची आहे. काप्रीवरच दुकान असलेला एमिलियो पुच्ची तिसरा दावेदार. तिघांतला खरा कोण, यापेक्षा रेशनिंग उठल्यावर सगळ्यांनाच एकाच वेळी हलके, उन्हातले कपडे हवे होते, हे उत्तर मला जास्त पटतं. १९५४ च्या 'सॅब्रिना'त ऑड्री हेपबर्ननं तशी काळी तोकडी पँट घातली आणि विषय संपला.

डिझायनर म्हणून बनीचं बाकी काम मात्र थोडक्यात सांगता येतं. युद्धानंतर त्यानं फोर्टनम अँड मेसन या बड्या स्टोअरमध्ये उंची कपड्यांचा विभाग सांभाळला आणि हार्डी एमीजच्या फॅशन हाउसमध्ये पैसे गुंतवले. एमीज म्हणजे राणी एलिझाबेथचा ड्रेसमेकर. पण बनीची सर्वांत चांगली निर्मिती तो स्वतःच होता, हे त्याच्या मित्रांनाही माहीत होतं.

कायदा काय म्हणत होता?

ब्रिटनमध्ये १८८५ च्या कायद्यानं पुरुषांमधले कोणतेही समलैंगिक संबंध गुन्हा ठरवले होते, चार भिंतींच्या आतले आणि संमतीचे असले तरी. याच कायद्याखाली १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. वाइल्ड स्वतः मोठा डँडी.

बनीच्या पिढीचं उदाहरण हवं असेल तर अ‍ॅलन ट्युरिंग आहे. कॉम्प्युटर सायन्स शिकलेल्या प्रत्येकाला हे नाव माहीत असतं. ट्युरिंग बनीहून एक वर्षानं लहान. युद्धात जर्मनांचा सांकेतिक संदेश फोडण्यात त्याचा मोठा वाटा होता. १९५२ मध्ये त्याला याच गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं गेलं, तुरुंग टाळण्यासाठी त्यानं हार्मोनची इंजेक्शनं स्वीकारली आणि १९५४ मध्ये सायनाइडनं त्याचा मृत्यू झाला. राजघराण्याकडून माफी मिळाली २०१३ मध्ये.

त्याच काळात बनी गालाला रूज लावून लंडनभर फिरत होता. १९५६ मध्ये त्यानं दिलेल्या 'फेटिश' पार्टीची चर्चा वर्तमानपत्रांपर्यंत गेली. मग त्याला कोणी का हात लावला नाही? पैसा, ओळखी आणि युद्धातली कामगिरी या तिन्हींचं कवच होतं, हे उघड आहे. पण कवच पुरेसं असतंच असं नाही. १९५४ मध्ये लॉर्ड मॉन्टेग्यू या तरुण सरदाराला याच प्रकारच्या खटल्यात एक वर्षाची शिक्षा झाली होती. म्हणजे धोका खरा होता. बहुतेक माणसं अशा वेळी गर्दीत मिसळून जाणारे राखाडी कपडे घालतात. बनीनं लांबून ओळखू येईल असा लव्हेंडर सूट घातला.

१९५७ मध्ये वोल्फेन्डन समितीनं कायदा बदलण्याची शिफारस केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो बदल झाला १९६७ मध्ये, तेव्हा बनी ५६ वर्षांचा होता. त्याच्या आई-वडिलांच्या स्कॉटलंडला १९८० पर्यंत वाट पाहावी लागली. आणि आपण? ब्रिटिशांनी १८६० च्या भारतीय दंड विधानात टाकलेलं कलम ३७७ आपल्याकडे त्यांच्यानंतरही टिकून राहिलं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयानं त्यातून बाहेर काढलं ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. त्या खटल्यातल्या पहिल्या याचिकाकर्त्याचं, नवतेज सिंग जोहर यांचं, क्षेत्रही कलेचंच, ते भरतनाट्यम नर्तक.

साठी, सत्तरी आणि ऐंशी

म्हातारपणी माणूस मवाळ होतो म्हणतात. बनीनं साठाव्या वाढदिवसाला 'डायमंड बॉल' दिला, सत्तराव्याला 'अ‍ॅमेथिस्ट बॉल', तोही अर्थातच डोक्यापासून पायापर्यंत जांभळ्या वेशात. ऐंशीव्याला, १९९१ मध्ये, 'फ्लेम बॉल'. त्या रात्री तो ज्वाळांच्या रंगाच्या टिकल्यांचा अंगाला चिकटलेला पोशाख घालून धूर आणि आगीतून पाहुण्यांसमोर आला. या पार्ट्या मोठ्या असत, पण तो लंडनच्या झगमगाटातच राहिला असंही नाही. त्याचे भाऊ अ‍ॅलन आणि सँडी यांच्यासोबत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात डंडॉनेल इथे त्याची इस्टेट होती. तिघेही अविवाहित. अ‍ॅलनला बागकामाचा आणि बोन्साय झाडांचा नाद होता.

२७ एप्रिल १९९७ रोजी लंडनमध्ये बनीचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी सोदबीज या लिलाव कंपनीनं त्याच्या वस्तू आणि कपडे विकायला काढले. पण मापाच्या सूटची एक अडचण असते. चांगला टेलर शिवणीच्या आत थोडं मार्जिन दाबून ठेवतो, म्हणजे गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर कोट उसवून इंच-दीड इंच सैल करता येतो. त्याहून जास्त नाही. बनीच्या कंबरेसाठी कापलेला कोट अंगात घालायचा, तर विकत घेणाऱ्याची कंबरही जवळपास तेवढीच बारीक असायला हवी.